वाद्यं आणि साऊंड न्यायला गाडी: ईको, अर्टिगा की जुनी पिकअप?

पेटीवाला_सांगलीकर | २८ ऑक्टोबर, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. दिवाळी पहाटचे तीन कार्यक्रम तीन गावांत करून आलोय. कंबर धरलीये, डोकं फिरलंय, म्हणून हा धागा.

आमचा सहा जणांचा संच आहे. भावगीतं, अभंग, थोडं नाट्यसंगीत. दोन गळे, मी पेटीवर, एक तबला-ढोलकी, एक कीबोर्ड, एक ऑक्टापॅड (काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य). महिन्याला चार-पाच सुपाऱ्या, गणपती-नवरात्र-दिवाळीत दुप्पट. सांगली, मिरज, कोल्हापूर, तासगाव, विटा हा नेहमीचा पट्टा आणि वर्षातून दोन-तीनदा आंबा घाट उतरून रत्नागिरी.

आजवर माझी वॅगनआर आणि जोडीला भाड्याची पिकअप असं चाललं होतं. परवा पहाटे साडेतीनला येतो म्हणालेला पिकअपवाला पावणेपाचला उगवला. कार्यक्रम साडेपाचचा. रांगोळ्या काढून झालेल्या, पणत्या लागलेल्या, लोक शाली पांघरून बसलेले, आणि आम्ही त्यांच्या डोळ्यांदेखत केबल सोडवतोय. पहिला अभंग माईकविना म्हटला. लोकांना वाटलं मुद्दामच. टाळ्याही पडल्या, पण असं किती वेळा निभावणार?

तर आता स्वतःची गाडी घ्यायची आहे. सामान धान्याच्या काट्यावर खरोखर वजन केलंय, हसू नका. दोन टॉप (श्रोत्यांकडे तोंड केलेले मोठे स्पीकर) प्रत्येकी १७ किलो, दोन मॉनिटर (आमच्याकडे तोंड केलेले छोटे) प्रत्येकी १२, मिक्सर खोक्यासकट ९, केबलची ट्रंक २६, सगळे स्टँड मिळून २४, कीबोर्ड ७, ऑक्टापॅड ५, पेटी खोक्यासह १७, दोन तबले आणि डग्गा १३, ढोलकी ५, तानपुरा ६. एकूण १७० किलो.

डोक्यात तीन पर्याय आहेत: ईको, दोन-तीन वर्षं वापरलेली अर्टिगा, नाहीतर जुनी बोलेरो पिकअप. बजेट सहा लाखांच्या आत, ताणलं तर सात. घरून अट अशी की गाडीत माणसांनाही बसता आलं पाहिजे, "नुसता टेम्पो दारात उभा करणार असाल तर मी माहेरी."

अनुभवी लोकांनी बोला.

---

बेसूर | २८ ऑक्टोबर, रात्री ११:५२

गाडी कशाला घेता? गाडीवाला मेहुणा शोधा. आमच्या मंडळाने गेली नऊ वर्षं एकाच मेहुण्यावर काढली. त्याला कोरसमध्ये उभा करतो, माईक बंद ठेवून.

---

ठेका_दादरा | २९ ऑक्टोबर, सकाळी ८:१०

पुण्यात वीस वर्षं ढोलकी-ऑक्टापॅड वाजवतोय, त्यातली बारा ओम्नीत गेली. ओम्नी २०१९ मध्ये बंद झाली तेव्हा आमच्या लाइनीतल्या निम्म्या लोकांना सुतक लागलं होतं. एवढंसं ८०० सीसीचं इंजिन, पण सरकता दरवाजा ओढला की आख्खं घर आत. मंगल कार्यालयाच्या बोळात भिंतीला चिकटवून लावली तरी सामान निघायचं, ही सरकत्या दाराची खरी किंमत.

शोरूमवाला तुम्हाला लिटर सांगेल. अर्टिगाची डिकी सगळ्या सीटा उभ्या असताना २०९ लिटर, तिसरी रांग पाडली की ५५० आणि दुसरीही पाडली की ८०३. आकडे खरे आहेत, पण लिटर म्हणजे पाणी. पाणी कुठल्याही कोपऱ्यात जाऊन बसतं, माईकचा स्टँड बसत नाही. तुम्ही तीन गोष्टी बघा.

एक, मागच्या दाराचं तोंड किती रुंद आणि किती उंच. टॉप उभा आत गेला पाहिजे. आडवा घालून मग आत उभा करण्याच्या खटपटीत बोटं चेमटतात, आणि बोटांवर आपलं पोट आहे.

दोन, डिकीचा उंबरठा. काही गाड्यांत फळी सपाट असते, सामान सरळ आत सरकतं. काहींत उंबरठा वर आणि मागे खड्डा. १७ किलोचा टॉप त्या उंबरठ्यावरून पार करून वाकून खाली ठेवायचा. संध्याकाळी सहाला चालतं. रात्री एकला, चार तास मांडी घालून बसल्यावर करून बघा.

तीन, जे शेवटी भरलं ते आधी निघतं. स्टेजवर आधी लागतात स्टँड आणि केबल. ते तळाशी गेले तर पंचाईत. म्हणजे गाडीला मागून आणि बाजूनं अशी दोन दारं हवीत. ईकोत ती आहेत.

माझं मत ईको. पण तानपुरा म्हणालात तिथे मी गप्प. तो माझा प्रांत नाही.

---

नियमानंद | २९ ऑक्टोबर, सकाळी १०:३५

आधी हिशेब, मग गाडी.

आरसीवर (गाडीच्या नोंदणीपत्रावर) दोन वजनं असतात: रिकाम्या गाडीचं आणि भरल्या गाडीचं कमाल. वजाबाकी करा. सहा-सात जणांच्या घरगुती गाड्यांत ती साधारण साडेपाचशे-सहाशे किलोच्या घरात येते. आता तुमची सहा माणसं, सरासरी ६८ धरू (पेटीवाले, तुम्ही स्वतः किती ते विचारत नाही), म्हणजे ४०८. वर सामान १७०. झाले ५७८. सहाही जणं आणि सगळं सामान एकाच गाडीत कोंबलंत तर काठावर आलात, आणि मग पाण्याचा जार, आयोजकांनी दिलेले नारळ, परतीला घेतलेली बाकरवडी. आंबा घाट उतरताना हे सगळं ब्रेकवर येतं.

पाटीबद्दल. ईको आसनांची घेतलीत तर खासगी नोंद, पांढरी पाटी. स्वतःची वाद्यं स्वतः न्यायला काही हरकत नाही. पण दुसऱ्या संचाचं सामान भाडं घेऊन नेऊ लागलात की तो धंदा झाला, त्याला पांढरी पाटी चालत नाही. ईकोचं कार्गो मॉडेल (मागे आसनं नसलेलं) मालवाहू म्हणून नोंदतं, पिवळी पाटी. पिकअपही तशीच. तिला फिटनेस (गाडी धडधाकट असल्याचा दाखला, म्हणजेच पासिंग) लागतं: नवी गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. जुनी पिकअप घेणार म्हणजे दरवर्षी पासिंगची रांग आलीच.

एक गैरसमज इथेच मोडून टाकतो. मालवाहू गाडी चालवायला वेगळं लायसन्स लागतं असं बरेच जण सांगतात. साडेसात टनांच्या आतल्या मालवाहूला साधं हलक्या वाहनाचं लायसन्स चालतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला पक्कं केलं आहे. आणि भरल्या वजनाने ३००० किलोच्या आत असलेल्या मालगाडीला मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ खाली परमिटही लागत नाही.

मात्र मालवाहूच्या हौद्यात माणसं बसवू नका. "तबलजी मागे बसेल, वाद्यं धरून" हे मी शंभरदा ऐकलंय. काही झालं तर विमा कंपनी हात वर करते आणि आयुष्यभर ते मानेवर राहतं.

---

बेसूर | २९ ऑक्टोबर, सकाळी १०:४१

पेटीवाले, वजनाच्या प्रश्नाला उत्तर द्या.

---

पेटीवाला_सांगलीकर | २९ ऑक्टोबर, दुपारी १:२०

८४. धागा पुढे जाऊ दे.

नियमानंद, डोळे उघडले. वॅगनआर विकायची नाहीये, म्हणजे तीन जण तिच्यात आणि तीन जण सामानाबरोबर नव्या गाडीत. सहाही जणांना एकाच गाडीत बसवायचा हट्ट सोडला. डिझेल-पेट्रोल दोन गाड्यांचं आणि टोल दोनदा, पण भाड्याची पिकअप वाचते.

वॅगनआरमध्येच सामान का नाही, असं कुणी विचारण्याआधी: सीएनजी आहे. डिकीत टाकी बसलीये, उरलेल्या जागेत ढोलकी आणि दोन चपला.

---

साऊंडवाला_भाऊ | २९ ऑक्टोबर, दुपारी २:०५

माझं ऐकाल तर साऊंड न्यायचाच बंद करा. मी स्वतः साऊंड देतो म्हणून सांगतो असं वाटेल, वाटू दे. कलाकाराने वाद्यं घेऊन यावं आणि हात स्वच्छ ठेवून बसावं. टॉप, मॉनिटर, मिक्सर, केबल आणि स्पीकरचे स्टँड बाजूला काढले तर तुमच्याकडे उरतं किती? सत्तर-पंचाहत्तर किलो. एवढ्यासाठी नवी गाडी?

प्रत्येक तालुक्याला आमच्यासारखा कुणीतरी आहे. त्याला सुपारीत धरा.

---

पेटीवाला_सांगलीकर | २९ ऑक्टोबर, दुपारी २:३०

भाऊ, मोठ्या कार्यक्रमाला तेच करतो. पण आमचे निम्मे कार्यक्रम देवळात, वाड्याच्या चौकात, सोसायटीच्या हॉलमध्ये. तिथे यजमान म्हणतात "साऊंड आहे ना आमचा" आणि जाऊन बघतो तर आरतीचा कर्णा. एकदा तर माईक होता, पण तो भिंतीतल्या कपाटात कुलूपबंद, आणि किल्ली ज्यांच्याकडे ते काशीला गेलेले. तेव्हापासून आमचं आमच्याबरोबर.

---

साऊंडवाला_भाऊ | २९ ऑक्टोबर, दुपारी २:४४

कर्ण्याला उत्तर नाही. मग निदान बारा इंची स्पीकरवर थांबा. एकदा गाडी दारात आली की माणसाला अठरा इंची बेसची स्वप्नं पडू लागतात. तो एकेक चाळीस-पन्नास किलोचा धोंडा असतो. मी तीन गाड्या याच पायी बदलल्या.

---

घाटवाट | २९ ऑक्टोबर, रात्री ९:१५

पिकअपची बाजू कुणीच मांडत नाही म्हणून लिहितो. मी सिंधुदुर्गातला, आमचं भजनी मंडळ. डबलबारीचे (दोन भजनी मंडळांच्या जुगलबंदीचे) सामने असतात, मंडळातली पोरं बरीच, पखवाज, पेटी, झांजा, टाळ, बॅनर, कधी मंडपाचं कापडसुद्धा. आमच्याकडे पिकअप आहे ती आंब्याच्या पेट्यांसाठी घेतलेली, भजनाला जाते तो तिचा जोडधंदा.

चांगलं काय, तर फाळका पाडला की कमरेच्या उंचीला ओटा तयार. सामान त्यावर ठेवायचं, ढकलायचं. वाकायचं काम नाही. घाटात ओढायला भक्कम, चिखलात रुतली तरी निघते, आणि गाडी कितीही मळली तरी पाइपनं धुतली की झालं.

वाईट काय ते ऐका. तिचे मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) टन-दीड टनासाठी बनवलेले. त्यावर तुमचं १७० किलो म्हणजे हत्तीच्या पाठीवर माशी. पाटे दबतच नाहीत, प्रत्येक खड्डा जसाच्या तसा वर येतो. आंब्याच्या पेट्या भरलेल्या असतात तेव्हा हीच गाडी पाळण्यासारखी चालते. वाद्यं घालून निघालो की आम्ही वाळूची सहा-सात पोती टाकायचो, ती चढवा, उतरवा. हौद्यात कीबोर्ड तर ठेवूच नका.

दुसरं पाणी. ताडपत्री वरून येणाऱ्या पावसाला चालते. चालत्या गाडीत पाऊस आडवा येतो आणि चाकांनी उडवलेलं खालून. एकदा फोंडा घाटात शिमग्यानंतरचा वळीव लागला. पखवाज दोन गोधड्यांत गुंडाळलेला, वर ताडपत्री, दोरी मीच बांधलेली. पोचलो तर गोधडी ओली, पुडी ओली, थाप मारली तर ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यागत आवाज. समोरच्या बुवांनी त्यांचा जादाचा पखवाज दिला म्हणून बारी उभी राहिली. आणि मग त्याच पखवाजावर त्यांना हरवलं, ते वेगळं.

तुमच्यासाठी पिकअप नको. बंद गाडी घ्या.

---

मंद्र_सप्तक | ३० ऑक्टोबर, सकाळी ७:५०

इतका वेळ वाचतेय. सगळे किलो आणि लिटर मोजताहेत, तानपुऱ्याला सहा किलो म्हणून सोडून दिलंय! सामानात सगळ्यात हलका तोच आणि सगळ्यात अवघडही तोच.

पेटीवाले, तुम्ही मिरजेच्या शेजारी राहता. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तिथल्या कुठल्याही कारागिराला विचारा, तो सांगेल तानपुरे मोडतात मैफलीत नाही, प्रवासात. भोपळा म्हणजे शेवटी वाळवलेलं फळ. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतात पिकलेलं, वाळलं की अंड्याच्या कवचासारखं. बाहेरून पॉलिश असल्याने लाकडासारखं दिसतं एवढंच. त्याला कोपरा लागला की तडा, आणि तडा सांधता आला तरी नाद पहिल्यासारखा राहत नाही.

पुरुषी तानपुरा पाच फुटांच्या आसपास, बायकी चारच्या. आधी तुमचा कुठला ते मोजा. मग गाडीत आतून मोजा, मागच्या दारापासून पुढच्या सीटच्या पाठीपर्यंत. तिरका बसला तरी चालेल, पण मानेवर कशाचाही भार नको. तारा थोड्या उतरवा, घोडीवर तारांखाली जव्हारीचे (नाद खुलवणारे) धागे असतील ते काढून वेगळ्या पुडीत ठेवा, नाहीतर स्टेजवर शोधत बसाल.

आणि भोपळ्याखाली चुंबळ. हो, डोक्यावर हंडा घेताना बायका घेतात तीच. जुन्या नऊवारीची जाडजूड करा. फोमपेक्षा बरी, कारण फोम दबून सपाट होतो आणि वळणावर भोपळा घरंगळतो. चुंबळीत बसला की जागचा हलत नाही. मी वीस वर्षं एकच वापरतेय, आईच्या लुगड्याची.

उन्हात उभ्या गाडीत वाद्यं सोडून जेवायला जाऊ नका. बंद काचांची गाडी एप्रिलमध्ये भट्टी होते. लाख आणि सरस दोन्ही मऊ पडतात, तबल्याच्या शाईला भेगा जातात. यजमान म्हणतात "राहू द्या हो गाडीत, कुलूप आहे ना." चोरापेक्षा ऊन वाईट.

---

ठेका_दादरा | ३० ऑक्टोबर, सकाळी ८:३०

ताई, चुंबळीला साष्टांग नमस्कार. डग्ग्याखाली ठेवतो ती गादी गाडीत का आणत नाही आम्ही, हेच आता कळत नाही.

---

तंबोरा_७२ | ३० ऑक्टोबर, दुपारी ४:००

तुमच्या गाड्यांच्या गप्पा वाचून मजा वाटली. आम्ही एसटीने जायचो. पेटी टपावर, तबला मांडीवर, तंबोरा शेवटच्या बाकावर खिडकीशी. एकदा कऱ्हाडला बस भरली, कंडक्टर आला, तंबोऱ्याकडे बघून म्हणाला "ह्यांचं तिकीट?" मी म्हटलं, लगेज लावा. तो म्हणाला, "लगेज टपावर जातं. हे तर बसलेत." अर्धं तिकीट घेतलं मी, वादावादी केली नाही. पुढच्या स्टॉपला एक म्हातारी चढली, तिला वाटलं गवसणीत देव आहे. हात जोडून उभी राहिली, बसेना. कंडक्टरच म्हणाला, आजी बसा, देव सरकतील.

तेव्हा तमाशाच्या फडांकडे मात्र ट्रक असायचे. नारायणगावच्या राहुट्यांसमोर उभे बघितलेत, एका ट्रकमध्ये तंबू, एकात सामान. आमच्यासारख्या भजन-भावगीतवाल्यांना कुठला ट्रक.

सल्ला एवढाच की जे घ्याल त्याला शेवटी ढकलायची वेळ येते, तेव्हा हलकं घ्या.

---

अटलांटिकपार | ३० ऑक्टोबर, संध्याकाळी ६:२५

न्यू जर्सीहून. आमच्या मंडळाच्या गणपतीला आणि घरगुती बैठकांना मीच हमाल. इथे उत्तर एका शब्दात: मिनीव्हॅन. जुन्या होंडा ओडिसीची मधली आसनं उचलून गॅरेजमध्ये ठेवायची, तिसरी रांग जमिनीत गाडली जाते, मग आत सपाट खोली. टोयोटा सिएनाची मात्र २०२१ पासून मधली आसनं निघत नाहीत, घेताना फसू नका. म्हणजे तुम्ही घेणार नाहीच, पण इथले कुणी वाचत असतील तर.

अजून एक, मागे भाड्याची छोटी ट्रॉली का लावत नाही?

---

पेटीवाला_सांगलीकर | ३० ऑक्टोबर, संध्याकाळी ६:५०

दादा, आमच्याकडे ट्रॉली म्हटलं की मागे ऊस दिसतो. ट्रॉलीवर पेटी ठेवून गावात शिरलो तर काटा कुठाय विचारतील.

---

घाटवाट | ३० ऑक्टोबर, रात्री १०:१०

उसावरून आठवलं आणि हे हसण्यावारी नेऊ नका. हंगाम सुरू झाला की तुमच्या भागात रात्री रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर उसाच्या पाचटाखाली झाकलेला. एक वाजता, पोटात यजमानांचा मसालेभात आणि जिलबी, मागे १७० किलो, आणि अचानक समोर काळी भिंत.

गाडी कुठली याच्याआधी ठरवा की परतीला चालवणार कोण. जो वाजवतो त्याने चालवायची नाही, असा आमच्या मंडळात नियम आहे. एक पोरगा फक्त गाडीसाठी. तो भजन चालू असताना गाडीत झोपतो. त्याला मानधन इतरांइतकंच. बुवा कुरकुरले होते, आता कुरकुरत नाहीत.

---

ठेका_दादरा | ३० ऑक्टोबर, रात्री १०:३०

शंभर टक्के. दहाला स्पीकर बंद करायचे म्हटले तरी आवरून, जेवून, पाकीट घेऊन निघायला साडेबारा होतात. आणि सामान बांधा. मागे एकदा घाईत ऑक्टापॅडचा स्टँड वरच टाकला, पेठ नाक्याअलीकडे कुत्रं आडवं आलं, ब्रेक मारला. स्टँड सीटच्या फटीतून पुढे आला आणि डग्ग्याच्या मधोमध. माझ्या डोक्याच्या जागी डग्गा होता एवढंच नशीब. पितळेला खोक पडलीये, अजून दाखवतो सगळ्यांना. तेव्हापासून रॅचेटचे पट्टे. काथ्याची दोरी ताणते, सायकलची ट्यूब त्याहून ताणते. पट्टा कट्कट् आवळला की संपलं.

---

पेटीवाला_सांगलीकर | ९ नोव्हेंबर, रात्री ९:३०

अपडेट. आज रविवारी प्रयोग केला.

आमच्या गल्लीत एकांकडे पाच-आसनी ईको आहे, पेट्रोलवाली, आणि तबलजींच्या भावाकडे अर्टिगा. दोन्ही गाड्या अंगणात आणल्या. सगळं सामान ओट्यावर मांडलं. बायको मोबाइलवर वेळ लावून खुर्चीत. गल्लीतली पोरं जमली, त्यांना वाटलं कार्यक्रम आहे.

अर्टिगा आधी. तिसरी रांग पाडून, मधल्या रांगेत दोन माणसं बसतील असं गृहीत धरून. सामान बसलं, खोटं नाही सांगत. पण टॉप आडवे, कीबोर्ड टॉपवर, आणि तानपुरा मधल्या सीटवर माणसाच्या जागी पट्टा लावून. म्हणजे तंबोराकाकांच्या एसटीसारखंच. पुढच्या फेरीत काढून पुन्हा भरलं. दुसऱ्यांदा २२ मिनिटं. गाडी मात्र बसायला फार सुखाची, दार लावलं की बाहेरचा आवाज बंद. बायकोचा जीव तिथेच अडकला.

मग ईको. मागची सीट पुढे पाडली. टॉप उभे गेले. स्टँडचा जुडगा सरकत्या दारातून बाजूनं. तानपुरा (चार फुटी निघाला, ताईंचं आधी ऐकायला हवं होतं) केबलच्या ट्रंकेवर गोधडी टाकून तिरका, मान डाव्या खिडकीकडे मोकळी. पहिल्यांदा १७ मिनिटं, दुसऱ्यांदा ९. नऊ! पण सीट पाडल्यावर चालवणारा आणि शेजारचा, दोघंच. तिसऱ्याला बसवायला सीट उभी केली तर एक मॉनिटर आणि तानपुरा बाहेर राहतात.

शिवाय इंजिन पुढच्या सीटखाली, त्यामुळे बूड गरम. पेटीवाल्याला त्याची सवय नसते.

---

बेसूर | ९ नोव्हेंबर, रात्री ९:४२

८४ किलो धरून ९ मिनिटं की सोडून?

---

नियमानंद | ९ नोव्हेंबर, रात्री १०:०५

उत्तम प्रयोग. आता हिशेब असा की ईकोत दोन, वॅगनआरमध्ये चार. एक मॉनिटर नि तानपुरा गायिकेबरोबर वॅगनआरला दिलात तर ३-३ सुद्धा जमेल. कार्गोच्या मोहात पडू नका, तुमच्या घरच्या अटीत ते बसत नाही. सीएनजी नको, मागची जागा टाकीने खाल्ली तर ९ मिनिटांचे पुन्हा २२ होतील. महिन्याला पाच फेऱ्यांत गॅसची बचत ती काय होणार.

नवी की जुनी? सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, तेव्हा जुनीच्या किमतीत घासाघीस करायला हे वाक्य जवळ ठेवा. आणि जुनी घेतलीत तर आधी कुणी शाळेच्या पोरांना किंवा दुधाला लावली नव्हती ना बघा. सरकत्या दाराची खालची पट्टी बघा, सगळं तिथे कळतं.

---

मंद्र_सप्तक | १० नोव्हेंबर, सकाळी ७:१५

ट्रंकेवर गोधडी म्हणजे चुंबळ नव्हे. वळणावर घरंगळेल. आणि तानपुरा वॅगनआरमध्येच द्या, गाणारीच्या मांडीवर. तिला नको असेल तर ती गाणारी नव्हे.

---

पेटीवाला_सांगलीकर | २३ नोव्हेंबर, रात्री १:५५

घेतली. ईको, पाच-आसनी, पेट्रोल, चार वर्षांची, पांढरीच पाटी आणि पांढरीच गाडी. आधीच्या मालकाचं किराणा दुकान होतं, पत्र्यावर अजून हळदीचा वास येतो. सरकत्या दाराची पट्टी नियमानंदांनी सांगितल्याप्रमाणे पायाच्या अंगठ्याने चाचपून बघितली. बायकोला पडदे लावून दिले, शिवाय पुढच्या वर्षी कोकणात न्यायचं कबूल केलंय.

आजचा पहिला कार्यक्रम विट्याला. ऑक्टापॅडवाल्याचा चुलतभाऊ चालवायला, मानधन सगळ्यांइतकं. साडेदहाला शेवटची भैरवी, अकरा वाजून पाच मिनिटांनी दार लागलं. परतीला तीन ट्रॉल्या लागल्या, घाटवाट, तिन्हींना दिवा नव्हता.

चुंबळ आईने करून दिली. तानपुरा गाणारीच्या मांडीवर होता, चुंबळ रिकामीच होती, म्हणून मी ती सीटवर घेतली. बूड गरम होत नाही.

---

मंद्र_सप्तक | २३ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

लुगड्याचा असा अपमान मी वीस वर्षांत पाहिला नव्हता. दुसरी करून घ्या. ही आता तानपुऱ्याला चालणार नाही.